माणसांसाठी नाही असं लिहिलेली पुडी

मी एक जुना जीसी आहे. मित्रांनो, नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. पुरं नाव तर याहून अवघड आहे, गॅस क्रोमॅटोग्राफ! आणि माझ्या पाठीला पाठ लावून बसलेला माझा जोडीदार म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. आमचे परिचर कचरूमामा यांनी पहिल्याच दिवशी या नावापुढं हात टेकले आणि मला 'बुवा' म्हणायला सुरुवात केली. तुम्हीही बुवाच म्हणा. छत्रपती संभाजीनगरातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत, दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातलं टेबल माझं आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. वीस वर्षांपूर्वी लाकडी खोक्यात बसून, ट्रकमध्ये हादरे खात मी इथं आलो. मला जोडायला आलेला इंजिनिअर कुणाला माझ्याजवळ फिरकू देत नव्हता. तो जेवायला गेला तशी कचरूमामांनी संधी साधली. माझ्यासमोर नारळ फोडला, पाठीमागच्या स्क्रूला कुंकू लावलं आणि तो परत यायच्या आत फरशी पुसून काढली. ते कुंकू आत शिरलं असतं तर मी कायमचा आजारी पडलो असतो, पण मामांना ते कुठलं ठाऊक! अजून आहे ते तिथं.

माझं काम वास ओळखण्याचं. एखाद्या वस्तूचा अर्क काढून त्याचा थेंब मला सुईनं देतात. माझ्या पोटात एक भट्टी आहे आणि भट्टीत तीस मीटर लांब, अगदी बारीक नळी गुंडाळून ठेवलेली आहे. भट्टी तापत जाते तसे थेंबातले पदार्थ एकेक करून नळीतून बाहेर पडतात. हलके आधी, चिवट मागून. एकेक पदार्थ बाहेर आला की जोडीदार त्याला धरतो आणि त्याचे तुकडे करतो. प्रत्येक पदार्थ आपल्या ठरलेल्या रीतीनंच तुटतो, म्हणून तुकड्यांवरून तो कोण हे कळतं. तुमच्या अंगठ्याचा ठसा असतो ना, तसंच. असे हजारो ठसे माझ्या संगणकात साठवलेले आहेत.

माझ्यात एक खोड आहे, ती आत्ताच कबूल करतो. ठसा ओळखीचा नसला तरी मी गप्प बसत नाही. त्यातल्या त्यात जवळचं एखादं नाव पुढं करतो आणि किती टक्के जुळलं ते शेजारी बारीक अक्षरांत लिहितो. घाईतला माणूस नाव वाचतो, टक्के वाचत नाही.

पण माझे दिवस चांगले गेले हो. भेसळीची दारू, रॉकेल मिसळलेलं पेट्रोल, पोत्यांनी पकडलेला गांजा, कुणाच्या पोटात गेलेलं फवारणीचं औषध, सगळं मी ओळखलं. माझे कागद कोर्टात वाचले जायचे. पाहुणे आले की साहेब लोक त्यांना आधी माझ्यासमोर उभं करायचे, आणि मला, खरं सांगतो, लई बरं वाटायचं.

मग शेजारच्या काचेच्या खोलीत नवं यंत्र आलं. दिसायला देखणं, आवाज नाही, काम माझ्या दुप्पट. माझ्यावर एक जुनी चादर पडली. चादरीवर आधी फाइली आल्या, मग छत्र्या आल्या, मग कुणाचं तरी हेल्मेट आलं. महिन्यातून एकदा कचरूमामा चादर काढून धूळ पुसायचे आणि म्हणायचे, "बुवा, हाय ना जित्ता?" बाकी कुणी विचारलं नाही. वाईट वाटायचं. यंत्राला वाईट वाटत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा वर्षभर चादरीखाली बसून बघावं.

मागच्या उन्हाळ्यात विजेचा एक दणका आला आणि नव्या यंत्राचं काहीतरी जळालं. दुरुस्तीवाला पंधरा दिवसांनी येणार होता. त्याच आठवड्यात एक हवालदार लाखेनं मोहरबंद केलेली दोन पाकिटं घेऊन आले. आमच्या सरिताताई, म्हणजे तपासणी करणाऱ्या मुख्य बाई, रोज गारखेड्याहून स्कूटीवर येतात. त्यांनी कागद वाचला, काचेच्या खोलीकडं बघितलं आणि सरळ येऊन माझी चादर ओढली. हेल्मेट खाली पडलं. त्या आवाजाइतकं गोड मी बऱ्याच दिवसांत काही ऐकलं नव्हतं.

प्रकरण असं होतं. दौलताबादच्या किल्ल्याखाली सोनाजी नावाचे एक धनगर राहतात. तीस-पस्तीस शेळ्या, थोडी कोरडवाहू जमीन. संध्याकाळी शेळ्या आत आल्या की वाडग्याच्या, म्हणजे शेळ्यांच्या कोंडवाड्याच्या, दाराला गोणपाट लावायचं आणि आत धुरी करायची, हा त्यांचा रोजचा रिवाज. गोवऱ्या, कडुलिंबाचा पाला आणि वरून चिमूटभर लोबान. धुरानं माशा आणि गोचिडं कमी होतात. सोनाजी स्वतः धुरीजवळ बसून राहायचे. त्या संध्याकाळी ते बसल्या जागी कोसळले. काळीज धाडधाड उडत होतं, उलट्या झाल्या, झटके आले, नसलेली माणसं दिसायला लागली. दोन शेळ्या तिथंच मेल्या. सोनाजींना शहरातल्या इस्पितळात आणलं. जीव वाचला, पण शुद्धीवर आल्यावर त्यांना त्या दिवसाचं काहीच आठवेना.

धुरीत नेहमीपेक्षा वेगळं काय होतं? घरच्यांनी सांगितलं, लोबान नवा होता, आदल्याच बाजारात शफीचाचांकडून घेतलेला. झालं! शफीचाचा तीस वर्षं अत्तर, ऊद आणि लोबान विकतात. शहरात छोटं दुकान, शिवाय बाजाराच्या दिवशी गावोगाव फिरती. एका दिवसात त्यांचा लोबान विषारी ठरला. दुकानाला पोलिसांचं कुलूप लागलं, त्यांना रोज ठाण्यात हजेरी द्यावी लागली, आणि लोक त्यांना बघून रस्ता बदलायला लागले. आमच्याकडं आलेल्या पाकिटांपैकी एकात त्यांच्या दुकानातला लोबान होता आणि दुसऱ्यात धुरीची राख. शफीचाचा निर्दोष की गुन्हेगार, हे आता माझ्या नाकावर होतं.

यात आणखी एक गुंता. सोनाजींची सून अक्षदा ही कचरूमामांची सख्खी भाची. मामांनी ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. सरिताताई म्हणाल्या, "बरं केलंत सांगितलं. मग या नमुन्यांना तुम्ही हात लावायचा नाही. तुम्ही फक्त बुवाला सांभाळा."

आणि मामांनी मला सांभाळलं. पंपाचं तेल बदललं, वायूची टाकी तपासली, भट्टीच्या दाराची सैल झालेली खिट्टी दाबून बसवली. दोन दिवस मी नुसता तापत होतो, जुना मळ बाहेर टाकत होतो. मनात धाकधूक होती. इतक्या दिवसांनी जमेल का?

पहिल्यांदा लोबान दिला. अहो, काय सांगू! स्वच्छ, सरळ, कशाची भेसळ नाही. मी एकेक नाव मांडत गेलो आणि सरिताताईंच्या कपाळावरची आठी मोडत गेली. मग राखेचा अर्क दिला. त्यात गोवरीचा धूर होता, लिंबाचा पाला होता, लोबान होता, आणि सगळ्यांच्या मागून, बावीस मिनिटं उलटल्यावर, माझ्या आलेखाच्या रेघेत एक उंच टोक वर आलं. मी कधीच न पाहिलेलं.

आणि मी माझी खोड केली. जवळचं नाव पुढं केलं. खोकल्याच्या एका औषधाचं! शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं, एकेचाळीस टक्के.

सरिताताईंच्या जागी दुसरं कुणी असतं तर तेवढ्यावर सही करून मोकळं झालं असतं. वरून फोनवर फोन येत होते, अहवाल कधी देता म्हणून. पण सरिताताईंनी टक्के वाचले. "हे नाही," त्या म्हणाल्या. "काय आहे ते मला आज माहीत नाही. माहीत नाही तर तसंच सांगायचं." आणि फोनवर तसंच सांगितलं. मला माझीच लाज वाटली.

त्याच दुपारी शफीचाचा दारात येऊन उभे राहिले. चपला बाहेर काढलेल्या, हातात टोपी. "ताई, बस एक बोलो, मेरे लोबान में क्या निकला? मेरी पोती वही धुआँ लेके बडी हुई."

"चाचा, मला तुमच्याशी यावर बोलता येत नाही," सरिताताई म्हणाल्या. "अहवाल ठाण्यात जाईल. पण जे आहे तेच लिहिलं जाईल, एवढं सांगते."

"हौ ताई, बरोबर है तुमचं," म्हणाले आणि वळले. त्यांच्या लोबानात काही नाही हे मला माहीत होतं, ताईंनाही माहीत होतं. पण राखेत लोबान आणि ते नवं विष दोन्ही एकत्र होतं. 'दुकानातला लोबान चांगला ठेवला, बाजारात नेलेला बिघडवलेला होता' असं कुणीही म्हणालं असतं. ते विष धुरीत आलं कुठून हे कळल्याशिवाय चाचांची सुटका नव्हती.

सरिताताईंनी इस्पितळातल्या डॉक्टरांना फोन केला. सोनाजींच्या लघवीत गांजा आहे का हे बघणारी पट्टी वापरली होती, ती कोरी निघाली होती. फोन ठेवून ताई बराच वेळ माझ्या कागदावरचे तुकडे बघत बसल्या. जगभरातल्या प्रयोगशाळा असे नवनवे ठसे एकमेकींना कळवत असतात. ते कागद काढून त्यांनी एकेका तुकड्याची रेघ फूटपट्टीनं मोजून हातानं जुळवली. दोन दिवस लागले. मग त्या एकदम खुर्ची मागं ढकलून म्हणाल्या, "मामा, हा गांजाचा नकली भाऊ दिसतो!"

त्या पदार्थाचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही लगेच फोनवर शोधायला बसाल, मला ठाऊक आहे.

मामा चहा घेऊन दारात उभे होते. "म्हंजी काय ताई?"

"असं समजा, आपल्या मेंदूत ठिकठिकाणी कड्या आहेत. शरीर त्या स्वतः हळूच सरकवतं, भूक, झोप, भीती सांभाळायला. गांजातला पदार्थ ती कडी अर्धवट ओढतो. तेही चांगलं नाहीच. पण हा कारखान्यात बनवलेला पदार्थ ती पार शेवटपर्यंत ओढतो आणि सोडत नाही. म्हणून काळीज तसं उडतं, झटके येतात. याच्यावर उतारा म्हणून औषधही नाही. सलाईन द्यायचं, झटके थांबवायचे आणि उतरेपर्यंत माणसाजवळ बसायचं."

"मग ती पट्टी गप का बसली?"

"पट्टी गांजाच्या झाडातलं ओळखते. याचा झाडाशी संबंधच नाही. कुठल्या तरी सुक्या पाल्यावर हे फवारतात. फवारा सारखा बसत नाही, त्यामुळं एका चिमटीत काही नसतं आणि दुसऱ्या चिमटीत माणूस आडवा होतो."

"अन् कायद्याला हे चालतं व्हय?"

"चालत नाही. कायद्यात यादी आहे, एकेका पदार्थाच्या नावानिशी. नाव यादीत असलं की ते बनवणं, विकणं, जवळ बाळगणं सगळा गुन्हा. पण बनवणारे लबाड असतात. पदार्थाचं एखादं टोक बदलतात, मग ते नवं नाव यादीत नसतं. ते यादीत येईपर्यंत तिसरं तयार. आणि वर पुडीवर काय छापतात माहीत आहे? हा धूप आहे, माणसांसाठी नाही. म्हणजे उद्या कुणी मेलं तर हात झटकायला मोकळे!"

दाराबाहेर काहीतरी खणकन पडलं. अक्षदा होती. इस्पितळात सासऱ्यांजवळ बसायची आणि मामांनी दिलेला जेवणाचा डबा रोज परत करायला यायची. डबा फरशीवर, त्यात उरलेली भाजी सांडलेली, आणि ती भिंतीला टेकून उभी. एकोणीस-वीस वर्षांची पोर. त्या घरात दहावी झालेली एकटीच. लाइट बिल असो, शेळ्यांच्या औषधाची बाटली असो, सगळं वाचायला तिच्याकडं यायचं, आणि सोनाजी पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, आमची सून विंग्रजी वाचती.

"मामा, ती पुडी मीच वाचली," ती म्हणाली.

"कंची पुडी?"

"चकचकीत व्हती. आबांना शेळ्यामागं घावली, किल्ल्याच्या अलीकडं. फिरायला आलेल्या कुणाची तरी पडली असंल. आबांनी मला वाचाय सांगितलं. वर इन्सेन्स लिव्हलं व्हतं, म्हंजी धूप. खाली लिव्हलं व्हतं, नॉट फॉर ह्यूमन." मग एकदम म्हणाली, "मी म्हणलं, आबा, माणसासाठी नाय, म्हंजी हे जनावरांचंच असंल. धुरीत टाका. आता तुमीच सांगा ताई, माणसासाठी नाय म्हणल्यावर मी काय समजायचं?"

तिनं जे केलं तेच मीही केलं होतं की! न कळलेल्या गोष्टीला जवळचं नाव दिलं होतं.

"पुडी कुठाय?" मामांनी विचारलं.

"अर्धी उरली, ती माज्या पेटीत हाय, लग्नाच्या साडीखाली. मला वाटलं लोबानानंच झालं असंल. मग वाटलं, पुडीनं झालं असंल तर मला घरात ठेवतील का? म्हणून गप बसले." ती रडायला लागली. "चाचांनी माज्या लग्नात लोबान अन् अत्तर फुकट दिलं व्हतं, मामा. अन् मी गप बसले."

मामांनी आधी सांडलेली भाजी गोळा केली. सरिताताई अक्षदाजवळ जाऊन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "ती पुडी मला आणून द्यायची नाही. मी घेतली तर कोर्ट तो पुरावा मानणार नाही. ठाण्यात जा, आत्ता मला सांगितलंस तसंच सांग. ते तुझ्या घरी येऊन पंचनामा करतील, मोहर लावतील, मग ती माझ्याकडं येईल. आणि पुन्हा तिला हात लावू नकोस, वास घेऊ नकोस."

"घरचे काय म्हणतील?"

"ते मला माहीत नाही," ताई म्हणाल्या. खोटा दिलासा द्यायला त्यांना जमत नाही. "पण मी अर्ध्या दिवसाची रजा टाकते आणि तुझ्याबरोबर येते. ठाण्याच्या दारापर्यंत. आत तुझं तुला बोलावं लागेल."

ती गेली आणि बोलली. हे मी पाहिलेलं नाही, पण तिसऱ्या दिवशी मोहरबंद पाकीट माझ्यासमोर आलं, त्यावरूनच कळलं.

आता शेवटचं काम. पुडीतला पदार्थ आणि राखेतला पदार्थ एकच आहे हे दाखवायचं, आणि तो कोण हे पक्कं करायला त्या पदार्थाचा शुद्ध प्रमाण नमुना हवा. तो दुसऱ्या मोठ्या प्रयोगशाळेतून मागवला. यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत चाचांचं दुकान बंदच होतं, आणि नव्या यंत्राचा दुरुस्तीवालाही अजून आलेला नव्हता. त्या काळात मी बिघडलो असतो तर? मामा रोज सकाळी येऊन माझ्या अंगावर हात ठेवायचे, ताप बघितल्यासारखा.

ज्या दिवशी तिन्ही थेंब दिले, त्या दिवशी माझा पंप कुरकुरत होता. पण मित्रांनो, मी हट्टाला पेटलो होतो. पहिला थेंब राखेचा: बावीस मिनिटं, चोवीस सेकंद. दुसरा पुडीतल्या पाल्याचा: बावीस मिनिटं, चोवीस सेकंद. तिसरा शुद्ध नमुन्याचा. सगळे माझ्याकडं बघत उभे होते, नव्या यंत्रावरचे लोकसुद्धा. बावीस मिनिटं, चोवीस सेकंद! तुकडेही सारखे, एकूण एक. आणि त्या पदार्थाचं नाव कायद्याच्या यादीत होतं. या वेळी तरी बनवणाऱ्यांची पळवाट बंद होती.

अहवालात सरिताताईंनी लिहिलं की लोबान शुद्ध आहे आणि विष पुडीतलं आहे. शफीचाचांच्या दुकानाचं कुलूप निघालं. पुडी मुळात कुणाची, कुणी विकली, हे अजून सापडलेलं नाही. पोलीस शोधत आहेत. त्या पदार्थाचा ठसा आता माझ्या संगणकात कायमचा बसला आहे. पुन्हा कधी आला तर मी खोकल्याचं औषध म्हणणार नाही.

गेल्या महिन्यात कचरूमामा निवृत्त झाले. निरोपाचा चहा माझ्याच खोलीत होता, त्यांनी तसा हट्टच धरला. नातेवाईक आले, शफीचाचा आले, सोनाजी काठी टेकत आले, मागं पदर सावरत अक्षदा. कार्यालयातल्या एका बाबूंनी तिला बघून मोठ्यानं विचारलं, "हीच का ती, पुडी वाचणारी?"

अक्षदानं मान खाली घातली.

सोनाजी म्हणाले, "व्हय, हीच. तिनं वाचलं ते बराबर वाचलं, साहेब. खोटं लिव्हणारा दुसराच हाय."

मग त्यांनी खिशातनं एक चुरगळलेला कागद काढला, शेळ्यांच्या कसल्याशा योजनेचा, आणि सगळ्यांदेखत सुनेच्या हातात दिला. "हे वाच गं. न्हाय कळलं तर न्हाय कळलं म्हण. ताईला इचारू."

तिनं कागद घेतला आणि वाचायला लागली. दुसऱ्या ओळीवर थांबली. "आबा, ह्यो शब्द न्हाय कळला," ती म्हणाली, आणि सरिताताई उठून तिच्याजवळ गेल्या.

मित्रांनो, मला उपदेश करायची फारशी सवय नाही. पण तुमच्या घरात तुम्हीच वाचणारे असाल, तर ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. चकचकीत पुडीवर कितीही गोड नाव असलं तरी ती सापडली म्हणून घरात आणू नका. कळलं नाही तर अंदाज बांधू नका. आणि चूक झालीच, तर पेटीत साडीखाली लपवू नका, बोला. तुमच्या गप्प बसण्यानं दुसऱ्या कुणाच्या तरी दुकानाला कुलूप लागलेलं असतं. आणि हो, कोपऱ्यात चादरीखाली कुणी म्हातारं बसलं असेल, मग ते यंत्र असो की माणूस, तर अधूनमधून विचारत जा, हाय ना जित्ता म्हणून.

त्या दिवशी शफीचाचांनी मामांसाठी लोबानाचा मोठा खडा आणला होता. तो तिथंच पेटवायला निघाले तशा सरिताताई ओरडल्या, "इथं नको चाचा! बुवाचं नाक बिघडेल!" सगळे हसले आणि खाली अंगणात गेले. सोनाजींनी गोवरीचा निखारा केला, चाचांनी खडा ठेवला, आणि थोड्या वेळानं उघड्या खिडकीतून तो धूर वर आला. माझी भट्टी थंड होती, सुई नव्हती, थेंब नव्हता. तसा मला वास येत नाही म्हणतात. म्हणू द्या. तो लोबान होता, शुद्ध, शंभर टक्के.